गाडीची काच अडली तर

मंडळी, 'मोटर' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत आता घरोघरचा झाला आहे. विहिरीवर मोटर, पिठाच्या गिरणीला मोटर, आणि जिच्यात बसून आपण तालुक्याच्या गावी जातो तीही मोटारच. आज जिच्याविषयी बोलायचे आहे ती मोटर मात्र यांपैकी कोणतीच नव्हे. ती असते जेमतेम वीतभर लांबीची. गाडीच्या दाराच्या पोटात, डोळ्यांआड ती बसलेली असते, आणि आपण बटण दाबले की काच वर-खाली करते. पूर्वी या कामाला हाताने फिरवायचे हँडल असे. आता साध्यासुध्या गाडीलाही बटणे आली आहेत.

ही मोटर चालते आहे तोवर तिची आठवण कोणाला होत नाही. आठवण होते ती आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी. काच अर्ध्यावर अडलेली, बाहेर पावसाची झड, आत लेकरेबाळे, आणि जवळचे गॅरेज वीस किलोमीटरवर! मग कोणीतरी जाणता सांगतो, "मोटर जळाली, नवी टाका." विहिरीवरची मोटर जळते हे आपण पाहिलेले असते, म्हणून ते चटकन पटते. नवी मोटर येते, दार उघडून बसवली जाते, पैसे मोजले जातात, आणि काच जिथल्या तिथे! कारण दोष मोटरीत नव्हताच. तो होता दाराच्या बिजागरीपाशी तुटलेल्या एका तारेत.

म्हणून आजचे सांगणे एवढेच, की दोष मोटरीच्या माथी सर्वांत शेवटी मारावा. वीज बॅटरीतून निघून काचेपर्यंत कोणत्या वाटेने येते ते आधी समजून घ्यावे, आणि ती वाट कोठे अडली आहे ते एकेक टप्प्याने तपासत जावे. एवढे ज्याला साधले त्याची निम्मी दुरुस्ती झाली. उरलेली निम्मी घरी करायची की गॅरेजात, हे मग त्याचे त्याने ठरवावे.

प्रथम या मोटरीची थोडी ओळख करून घेऊ. विजेच्या तारेजवळ होकायंत्र नेले तर त्याची सुई हलते, हे डेन्मार्कमधल्या ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकांनी १८२० साली दाखवून दिले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात मायकेल फॅरडे यांनी चुंबकाभोवती वीजवाहू तार फिरती ठेवून दाखवली. आणि या तत्त्वावर चालणाऱ्या मोटरीचे पेटंट १८३७ साली अमेरिकेत कोणी मिळवले असेल? थॉमस डॅव्हनपोर्ट नावाच्या एका खेड्यातल्या लोहाराने! मोठ्या विद्यापीठात तो शिकलेला नव्हता. भाता आणि ऐरण हीच त्याची शाळा. विजेचे काम आपल्या आवाक्याबाहेरचे, असे ज्यांना वाटते त्यांनी या लोहाराला आठवावे.

गाडीच्या काचेला यंत्राची जोड मिळाली ती बरीच नंतर. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या सुमारास आपल्या महागड्या गाड्यांत अशा काचा दिल्या. त्या वेळी तेलाच्या दाबावर काच चढे. पुढे दारातच छोटी विजेची मोटर बसवण्याची पद्धत आली, आणि आज आपल्या गाड्यांतही तीच आहे.

आता ही मोटर आतून कशी असते ते पाहा. एका लोखंडी डबीत दोन बाजूंना दोन चुंबक चिकटवलेले असतात. मध्ये तांब्याची तार गुंडाळलेला दांडा फिरतो. या फिरत्या गुंडाळीला वीज पोचवायची कशी? त्यासाठी दांड्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचे एक गोल कडे असते. त्याला कम्युटेटर म्हणतात. या कड्यावर दोन्ही बाजूंनी कोळशाचे दोन लहान ठोकळे स्प्रिंगने टेकलेले असतात. गॅरेजातले लोक त्यांना नुसते 'कार्बन' म्हणतात. कार्बनमधून वीज पट्टीत, पट्टीतून गुंडाळीत, आणि दुसऱ्या कार्बनमधून बाहेर. दांडा फिरला की पट्ट्या बदलतात, त्यामुळे गुंडाळीला मिळणारा रेटा सतत एकाच दिशेने राहतो. विहिरीवरच्या आपल्या नेहमीच्या मोटरीत असे कार्बन नसतात, म्हणून तिचा अनुभव येथे जसाच्या तसा लावू नये.

हा दांडा मिनिटाला काही हजार फेरे घेतो. एवढ्या वेगाचा काचेला उपयोग नाही. काचेला हवा जोर. म्हणून दांड्याच्या दुसऱ्या टोकाला मळसूत्र कापलेले असते आणि त्यात एक दातेरी चाक अडकवलेले असते. मळसूत्राच्या एका फेऱ्याला चाक जेमतेम एखादा दात पुढे सरकते. वेग कमी होतो आणि जोर वाढतो. या रचनेचा आणखी एक गुण आहे. मळसूत्र चाकाला फिरवते, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. म्हणूनच बाहेरून कोणी काच खाली दाबली तरी ती दबत नाही, आणि म्हणूनच अडलेली काच आपल्यालाही नुसत्या हाताने सहसा वर ओढता येत नाही.

मोटरीपासून काचेपर्यंत आणखी एक दुवा असतो. पुस्तकात त्याला रेग्युलेटर म्हणतात, गॅरेजवाले 'काचेचे मशीन' म्हणतात. तो दोन तऱ्हांचा असतो. एकात कात्रीसारखे लोखंडी हात काच उचलतात. दुसऱ्यात पोलादी तारेची बारीक दोरी रिळावर गुंडाळली जाते आणि काच ओढली जाते, विहिरीवरच्या रहाटासारखी.

आता विजेची वाट. बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्यातून वीज फ्यूजकडे जाते. फ्यूजनंतर बहुतेक गाड्यांत एक रिले असतो, किल्ली फिरवल्याखेरीज तो वीज पुढे सोडत नाही. तिथून ती चालकाच्या दारातल्या बटणांकडे येते. मागच्या दारांची वीज पुष्कळ गाड्यांत या चालकाच्या बटणांतूनच पुढे जाते, हे लक्षात ठेवा. शेवटी मोटरीला दोन तारा मिळतात. बटण एका बाजूला दाबले की एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला जोडली जाते आणि दुसरी गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे उणे टोकाला. बटण उलट दाबले की तारांची अदलाबदल होते आणि मोटर उलटी फिरते. वर-खालीचे सारे गुपित एवढेच!

तर मग काच अडली की पहिले काम कोणते? पाना हातात घेणे नव्हे. पहिले काम कान देणे. किल्ली फिरवा, इंजिन बंद असू द्या, दार लावून घ्या आणि बटण दाबून ऐका.

आतून मोटर फिरल्याचा घरघर आवाज येतो, पण काच जागची हलत नाही, असे असेल तर मोटर निर्दोष आहे. दोरी तुटली असेल, काच धरणारी प्लास्टिकची पकड फुटली असेल, किंवा दातेरी चाकाचे दात झिजले असतील.

काच चालते, पण रखडत, धापा टाकत चालते, असे असेल तर पहिला संशय काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी खाचांचा घ्या. आपल्याकडची धूळ त्या खाचांत बसते आणि काच आवळली जाते.

आणि काहीच आवाज नसेल तर? तर आतल्या दिव्याकडे पाहा. छतावरचा दिवा लावा आणि पुन्हा बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला, तर वीज मोटरीपर्यंत पोचते आहे, पण मोटर फिरू शकत नाही. मग एकतर मोटर आतून अडली आहे किंवा काच आवळली आहे. दिवा मुळीच मंद झाला नाही, तर वीज वाटेतच कोठेतरी अडली आहे, किंवा कार्बन कड्याला टेकत नाहीत. मात्र छताला पांढरा एलईडी दिवा असेल तर हा फरक डोळ्यांना दिसत नाही. जुन्या पिवळ्या बल्बवरच ही खूण चालते.

वीज वाटेत अडली आहे असे दिसले, तर स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी पाहाव्यात. चालकाच्या दारात काचा बंद ठेवण्याचे एक कुलूप-बटण असते. ते पोरांच्या हातून दाबले गेले असेल तर बाकीच्या काचा चालणारच नाहीत. नंतर पाहावा फ्यूज. गाडीच्या पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते. काचेचा फ्यूज बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो. पात्यासारख्या फ्यूजांत पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. जळाला असेल तर त्याच आकड्याचा नवा लावावा. नवाही लगेच जळाला, तर तार कोठेतरी सांगाड्याला चिकटते आहे असे समजावे. अशा वेळी मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा त्या जागी तांब्याची तार कधीही घालू नये, बरं का! फ्यूज वाचवायला जाल आणि गाडी पेटवून बसाल.

फ्यूज चांगला असेल तर दार आणि गाडी यांच्या मध्ये रबराची सुरकुतलेली नळी असते तिच्याकडे वळा. तिच्यातून तारा दारात जातात. दार जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा त्या वाकतात. चालकाचे दार सर्वांत जास्त उघडते, म्हणून त्याच्याच तारा आधी तुटतात. वरचे प्लास्टिक शाबूत आणि आतले तांबे तुटलेले, असेही होते. बटण दाबून ठेवून दार हळूहळू हलवा. मध्येच काच जरा जरी सरकली तरी चोर सापडला.

एवढ्याने उलगडा झाला नाही तर दाराचे आतले पॅड काढावे लागते. गाडी नवी असून कंपनीची हमी बाकी असेल तर येथेच थांबावे आणि गाडी तिच्या कारखान्यात न्यावी. हमी संपली असेल तर पुढे चला. लागते काय? एक-दोन स्क्रू-ड्रायव्हर, पान्यांचा संच, पक्कड, रुंद चिकटपट्टी आणि एक परीक्षा-दिवा. हा दिवा घरीच करता येतो. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन लांब तारा जोडा.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची उणे तार सोडवावी आणि थोडा वेळ थांबावे. हल्लीच्या गाड्यांत अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्या तारा बहुधा पिवळ्या आवरणात असतात. त्यांना हात लावू नये, दिवाही लावू नये. दाराच्या हँडलमागे आणि हात टेकायच्या जागी लपलेले स्क्रू असतात, ते काढले की पॅड प्लास्टिकच्या खुंट्यांवर उरते. कापड गुंडाळलेली चपटी पट्टी घालून खुंटीजवळून हलके उचकटावे. पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो फाडू नका. पावसाचे पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतेच, आणि खालच्या भोकांतून निघून जाते. ते आत तुमच्या पायाशी येऊ नये म्हणून हा कागद असतो. कागद टाकून दिला तर पुढच्या पावसात गाडीत तळे होईल.

आता खरी परीक्षा. बॅटरी पुन्हा जोडा. मोटरीचा कपलर काढा आणि परीक्षा-दिव्याच्या दोन तारा कपलरच्या दोन टोकांना लावा. दुसऱ्याला बटण दाबायला सांगा, एकदा वर, एकदा खाली. दोन्ही वेळा दिवा लख्ख पेटला तर वीज येते आहे, दोष मोटरीत किंवा काचेच्या मशीनमध्ये आहे. पेटलाच नाही, किंवा एकाच बाजूला पेटला, तर दोष बटणात किंवा तारांत आहे. मिणमिणता पेटला तर वाटेत कोठेतरी जोड गंजला आहे.

तुम्ही म्हणाल, दिव्याची यातायात कशाला? व्होल्ट मोजायचा मीटर आता स्वस्तात मिळतो की! मिळतो, पण तो येथे फसवू शकतो. समजा, एका गंजलेल्या जोडाचा रोध १ ओहम आहे. मीटर जवळजवळ वीज घेतच नाही, म्हणून तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवील. पण मोटर काच उचलताना पाच ते दहा अँपिअर वीज मागते. ६ अँपिअर वाहू लागले की त्या एका जोडावरच ६ व्होल्ट खर्ची पडतील आणि मोटरीच्या वाट्याला निम्मेच उरतील. २१ वॅटचा दिवा पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून जोडाचा लबाडपणा त्याच्यापुढे उघडा पडतो. ओहमचा नियम फळ्यावर शिकवणाऱ्या गुरुजींना याहून चांगले उदाहरण कोठे मिळणार?

एक सावधगिरी येथेच सांगतो. मोटरीला दोनच तारा असतील तर ही परीक्षा निर्धास्त करावी. चार, सहा किंवा त्याहून अधिक तारा असतील तर त्या मोटरीत इलेक्ट्रॉनिक मेंदू आहे असे समजावे. तिला दिवा किंवा बॅटरी थेट लावू नये. ते काम जाणकारावर सोपवावे.

मोटरच दोषी ठरली तर ती काढायची. पण त्याआधी काच बांधा. काच पूर्ण वर धरून चौकटीवरून आतून-बाहेरून रुंद चिकटपट्टी लावा. तीन-चार किलोंची काच सुटली तर दाराच्या पोटात आदळून फुटते, किंवा बोटांवर येते. कात्रीच्या मशीनमध्ये घड्याळाच्या कमानीसारखी एक जबर स्प्रिंग असते. मोटर हा तिचा अडसर. मोटर सुटताच तो लोखंडी हात फटकन फिरतो आणि त्यात बोट सापडले तर मोडते. म्हणून तो हात आधी बोल्ट घालून किंवा पक्कड लावून जखडावा, मगच मोटरीचे स्क्रू सोडवावेत. दोरीच्या मशीनमध्ये रीळ मोकळे झाले की दोरी उसवते आणि पुन्हा गुंडाळणे महाकठीण होते. म्हणून शक्य तर मशीन मोटरीसकट बाहेर काढावे. आणि हे करताना बॅटरीची तार पुन्हा सोडवलेली असावी, हे वेगळे सांगायला नको.

काही मोटरींचे तोंड पत्रा दुमडून कायमचे बंद केलेले असते. अशी मोटर उघडण्याच्या भरीस पडू नये, बदलावी. ज्या मोटरीला स्क्रू आहेत ती उघडता येते. खाली स्वच्छ पांढरे कापड पसरा आणि प्रत्येक भाग काढाल त्या क्रमाने मांडा. चुंबक दांड्याला एकदम ओढून घेतो, तेव्हा बोटे सांभाळा. डबीवर हातोडा मारू नका, आतला चुंबक चिनी मातीच्या कपासारखा तडकतो. लोखंडाचा कीस जवळपास नसावा, तो चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही.

आत बहुधा तीनपैकी एक गोष्ट आढळते. पहिली, कार्बनचा काळा भुसा साठून कार्बन आपल्या खोबणीत अडकलेला. तो ब्रशाने झाडून, कार्बन सहज पुढे-मागे सरकतो ना, ते पाहावे. दुसरी, कम्युटेटरचे कडे काळे पडलेले. अगदी बारीक काचकागदाने ते हलके उजळावे आणि पट्ट्यांमधल्या फटी लाकडी काडीने साफ कराव्यात. येथे काळा एमरी कागद वापरू नये, त्याचे कण वीज वाहतात आणि फटीत बसले तर पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात. तिसरी, कार्बन झिजून संपलेला. विजेच्या सामानाच्या दुकानांत कार्बन मिळतात. किंचित मोठा मिळाला तर घासून मापाचा करता येतो, पण तो खोबणीत सैल चालला पाहिजे.

दातेरी चाकाच्या खोलीतले जुने ग्रीस खडीसारखे घट्ट झाले असेल तर पुसून नवे भरावे. कार्बनच्या बाजूला मात्र ग्रीसचा थेंबही जाता कामा नये. गुंडाळी काळी पडून जळका वास येत असेल, किंवा आत पाणी शिरून सारे गंजले असेल, तर खटाटोप पुरे. नवी मोटर घ्यावी. घेताना जुनी बरोबर न्यावी, कारण डाव्या दाराची मोटर आणि उजव्या दाराची मोटर सहसा निराळी असते.

दार बंद करण्यापूर्वी दोन कामे उरतात. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची भोके आहेत ती काडीने मोकळी करावीत. चिखलाने ती बुजली की पाणी साठते आणि मोटर बुडते. पुष्कळ मोटरी मरतात त्या याच कारणाने. दुसरे काम रबरी खाचांचे. साबणाच्या पाण्यात भिजवलेले कापड बोटावर घेऊन त्या आतून पुसाव्यात, वाळू द्याव्यात आणि सिलिकॉनचा फवारा मारावा. इंजिनाचे तेल घालू नये, त्याने रबर फुगते आणि धूळही धरते. वर्षातून एकदा, उन्हाळा संपता संपता एवढे केले तरी मोटरीचे आयुष्य वाढते. ज्या गाड्यांची काच एका दाबात आपोआप पूर्ण चढते, त्यांत बॅटरी सोडल्यावर काचेला तिची हद्द पुन्हा शिकवावी लागते. बहुधा काच पूर्ण चढवून बटण काही क्षण धरून ठेवतात. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

आणि वाटेतच अडचण आली तर? एकाने बटण दाबून धरावे आणि दुसऱ्याने मोटर असेल त्या जागी दारावर मुठीने दोन-चार ठोके द्यावेत. कार्बन अडकला असेल तर मोटर जागी होते. तेवढ्यात काच वर घ्यावी आणि घर गाठेपर्यंत पुन्हा खाली करू नये. किंवा काचेला दोन्ही बाजूंनी तळवे लावून वर रेटावे आणि त्याच वेळी बटण दाबावे. बटण फार वेळ दाबून धरू नका. अडलेली मोटर वीस-पंचवीस अँपिअरही ओढते आणि तापते. पुष्कळ मोटरींत तापल्यावर वीज तोडणारा आतला रक्षक असतो. दहा मिनिटे थांबलात तर ती आपोआप पुन्हा चालू होते आणि आपण मात्र 'मोटर गेली' म्हणून हळहळत बसलेलो असतो.

मंडळी, काच दुरुस्त झाली की एक जबाबदारी येते. जी मोटर तीन-चार किलोंची काच रबरातून ओढून नेते, ती लहान मुलाच्या मानेवरही तेवढ्याच जोराने चालते. तिला मान आणि रबर यांतला फरक कळत नाही. मूल खिडकीतून डोके बाहेर काढते, गुडघा बटणावर पडतो, आणि काच चढते. अशा अपघातांत जगभर मुले दगावली आहेत. म्हणूनच अमेरिकेत १९७१ पासून या काचांसाठी सुरक्षेचा नियम आहे, आणि २००४ साली त्यात भर पडून बटण असे हवे असे ठरले, की ओझे पडले तरी काच चढू नये. आपोआप चढणारी काच अडथळा लागताच मागे फिरते. तिचा दाब १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलोंच्या भाराएवढा होण्याच्या आत ती फिरावी, असे मानक आहे. पण आपल्याकडच्या अनेक गाड्यांत ही सोय चालकाच्या एकाच काचेला असते, काहींत कोणत्याच नाही. तेव्हा गाडीत मुले असताना कुलूप-बटण दाबलेले असावे, आणि उतरताना किल्ली खिशात असावी. दुरुस्तीनंतर काच तपासायची तर ती लाटण्याने किंवा गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने तपासा, बोटाने नव्हे.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातली. पाणी वाहत असलेल्या पुलावर गाडी घालूच नये. तरीही गाडी पाण्यात गेलीच, तर पहिल्या काही क्षणांत मोटर बहुधा चालते. त्याच वेळी पट्टा सोडून काच खाली करावी आणि मुलांना आधी बाहेर काढावे. दार उघडण्याच्या नादी लागू नये, बाहेरचे पाणी ते दाबून धरते. काच चालली नाही, तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टणक, टोकदार वस्तूने घाव घालावा. चालती काच ही नुसती ऐट नव्हे. ती बाहेर पडण्याची वाट आहे.

जाता जाता गुरुजी मंडळींसाठी एक सुचवणे. गॅरेजात टाकून दिलेली एखादी मोटर मागून आणा. दहावीच्या वर्गात 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना विद्युत चलित्राचे चित्र काढण्याऐवजी हे चलित्रच मुलांच्या हातात द्या. चुंबक, गुंडाळी, कडे आणि कार्बन ही त्यांची त्यांना ओळखू द्या. मग दातेरी चाक काढून, मोकळ्या दांड्यावर भोवऱ्यासारखी दोरी गुंडाळा आणि मोटरीच्या दोन तारांना एक लहान लाल एलईडी जोडा. दोरी झटक्यात ओढली की दिवा लुकलुकेल. नाही लुकलुकला तर तारा उलट जोडा. वीज देऊन जी फिरते, तीच फिरवली तर वीज देते, हे फॅरडे यांचे १८३१ सालचे संशोधन मुलांना एका झटक्यात समजेल.

आणि त्या मुलांपैकी एखाद्याच्या घरची काच उद्या अडली, तर तो म्हणेल, "थांबा आबा, आधी फ्यूज पाहू." मोटर शेवटी पाहायची असते, एवढे त्याला उमगले म्हणजे या भाषणाचे काम झाले.